पान मिटल्यावर उरतं ते : भरती-ओहोटी प्रकल्पाच्या नोंदी

४ ऑगस्ट

सुरुवात का केली ते आधी लिहून ठेवतो. दोन महिन्यांनी मला ते कारण वेगळंच आठवेल.

भाची आठवीत आहे. परवा तिनं विचारलं, "मामा, चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते ना? मग दिवसातून दोनदा का येते? चंद्र तर एकच आहे." मी म्हटलं, पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो. "पलीकडच्या बाजूला का? तिकडे तर चंद्र नसतो." मी फोन काढला, पहिलं सापडलेलं उत्तर उघडलं आणि तिला वाचून दाखवलं. उत्तर बरोबर होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे?"

त्या वाचलेल्या वाक्यांपलीकडे माझ्याकडे एक शब्द नव्हता.

विज्ञानविषयक मजकुराचं संपादन हे माझं काम. गेली अठरा वर्षं तेच करतो आहे. भरती-ओहोटीवरचे लेख माझ्या हाताखालून गेलेत, त्यातल्या चुका मी काढल्या आहेत. तरी एका "म्हणजे?"पाशी अडलो. हे मला लागलं. माहितीची चणचण तर मुळीच नव्हती, ती खिशातच होती. मग नेमकं काय नव्हतं?

ठरवलेलं असं : साठ दिवस, एकच विषय. शेवटी फोन न उघडता, कागद-पेन्सिल घेऊन तिला समजावून सांगायचं. वाटेत स्वतःचं लक्ष कुठे जातं, काय टिकतं, काय गळतं, याचीही नोंद ठेवायची.

५ ऑगस्ट

पहिलं काम : काहीही न वाचता कोऱ्या कागदावर लिहून पाहायचं. लिहिण्याआधी स्वतःला गुण दिले, "हा विषय किती कळतो?" दहापैकी सात.

वीस मिनिटं बसलो. नऊ ओळी झाल्या. त्यातल्या पाच एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत होत्या. "चंद्राच्या आकर्षणामुळे" हा शब्दप्रयोग चारदा. कसं, का, किती, यातलं एकही नाही. पुन्हा गुण दिले : तीन.

लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांचा २००२ सालचा प्रयोग मी पूर्वी वाचला होता. लोकांना झिप, कुलूप, फ्लशची टाकी अशा गोष्टी कशा चालतात हे किती समजतं ते विचारायचं, मग टप्प्याटप्प्यानं लिहायला लावायचं आणि पुन्हा विचारायचं. लिहून झाल्यावर लोक स्वतःचे गुण खाली आणतात. हा प्रयोग मला "माहीत होता". काल-परवापर्यंत मी तो दुसऱ्यांविषयीचा म्हणून वाचत होतो.

७ ऑगस्ट

आज शोधायला बसलो. रात्री अकराला मोजले तेव्हा त्रेचाळीस टॅब उघडे होते. लेख, आकृत्या, हलती चित्रं, दोन विद्यापीठांतली व्याख्यानं, एकमेकांना खोडून काढणारी स्पष्टीकरणं. फार छान वाटत होतं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. भरल्या कोठारात उभं राहिल्यासारखं. प्रत्येक टॅब उघडताना वाटायचं की आता हे आपलं झालं.

८ ऑगस्ट

सकाळी पुन्हा कोरा कागद. काल साडेचार तास घालवले होते. कागदावर नव्या तीन ओळी आल्या, त्यातली एक चुकीची.

मात्र लिहायच्या आधी मी स्वतःला आठ गुण दिले होते. पाच तारखेच्या सातापेक्षाही जास्त.

मॅथ्यू फिशर, मारियल गॉडू आणि फ्रँक कील यांनी २०१५ साली नेमकं हेच तपासलं. ज्यांनी आधी इंटरनेटवर काही प्रश्नांची उत्तरं शोधली होती, त्यांना नंतर भलत्याच, संबंध नसलेल्या विषयांवरचे प्रश्न दाखवले. ते प्रश्नही आपण चांगले समजावून सांगू शकू असं त्यांना न शोधलेल्यांपेक्षा जास्त वाटलं. बाहेर ठेवलेलं आणि आत असलेलं यांच्यामधली भिंत शोधण्याच्या कृतीनंच पातळ होते. हात लांबवला की मिळतं, म्हणून ते हातातच आहे असं वाटायला लागतं.

११ ऑगस्ट

लक्षाची नोंद. आज सकाळी नऊ ते अकरा वाचताना किती वेळा दुसरीकडे गेलो त्याच्या रेघा ओढल्या : एकतीस. फोनच्या सूचना बंदच होत्या, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. एकवीस वेळा मी वाचत असलेल्या पानावरूनच दुसऱ्या पानावर गेलो, आणि तेही विषयातच. "लॅग्रांज बिंदू म्हणजे काय, बघून घेऊ." "गुरूच्या चंद्रांवरही भरती येते का?" एकेक उडी अगदी रास्त वाटत होती.

सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की पहिल्याचा काही अंश डोक्यात रेंगाळतो आणि दुसरं काम त्या प्रमाणात कच्चं होतं. एकवीस उड्यांमागे एकवीस अर्धी कामं रेंगाळली असणार. उत्सुकता हा गुण आहे असं मी आयुष्यभर मानत आलो, अजूनही मानतो. पण आजच्या उत्सुकतेनं मला एकाही जागी पाच मिनिटं बसू दिलं नाही.

अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्हींत काम केलेल्या हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली सांगितलेली गोष्ट आज नीट पोचली. माहिती कशावर जगते, तर ती घेणाऱ्याच्या लक्षावर. म्हणून माहिती मुबलक झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो. टॅब फुकट उघडतो. वाचायचे दोन तास मात्र तेवढेच असतात.

१२ ऑगस्ट

सगळे टॅब एका यादीत टाकून बंद केले. आता एकच पुस्तक, त्यातलं एक प्रकरण. वही उघडी.

१९ ऑगस्ट

आठवडा झाला. शांतता आहे, वाचन खोल होतं आहे. पण एक अडचण. या पुस्तकात पलीकडच्या फुगवट्याचं कारण केंद्रोत्सारी बल असं दिलं आहे : पृथ्वी आणि चंद्र एका सामाईक केंद्राभोवती फिरतात, त्यामुळे पलीकडचं पाणी बाहेर फेकलं जातं. मी ते चार दिवस घोटत बसलो. कागदावर आकृती काढली की ती जमेना. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेही मधे येत होतं, आणि कुठल्या फिरण्यामुळे काय होतं याचा गुंता सुटेना.

आज यादीतून मुद्दाम एकच दुसरा लेख उघडला. त्यात फिरण्याचा उल्लेखच नव्हता. होता तो फक्त ओढीतला फरक. चंद्राच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा चंद्राला जवळ, म्हणून त्याच्यावरची ओढ केंद्रावरच्या ओढीपेक्षा जास्त. पलीकडचं पाणी लांब, म्हणून तिथली ओढ केंद्रावरच्यापेक्षा कमी. अख्खी पृथ्वी चंद्राकडे खेचली जाते, अलीकडचं पाणी थोडं पुढे धावतं, पलीकडचं थोडं मागे राहतं. मागे राहणं हाच पलीकडचा फुगवटा.

वहीत मोठ्या अक्षरात : फरक. ओढ नव्हे, ओढीतला फरक.

दुसरं लिहायचं ते माझ्या पद्धतीबद्दल. माहिती कमी केली की समज वाढते, असं मी बारा तारखेला धरून चाललो होतो. ते खरं नाही. एकाच पुस्तकाला चिकटून राहिलो असतो तर त्याच्या गुंत्यातच राहिलो असतो. दुसरा लेख कामाला आला, कारण मी तो एक ठरावीक अडचण घेऊन उघडला. सात तारखेच्या त्रेचाळीस टॅबमध्ये हाच लेख होता. त्या रात्री मी तो वाचलाही होता आणि त्यातलं काहीच मला भिडलं नव्हतं.

२३ ऑगस्ट

आज हिशेब. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट. अंतर सुमारे ३९० पट. ओढ अंतराच्या वर्गानं कमी होते. ३९० चा वर्ग १,५२,१००. भाग दिला तर सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे १७७ पट येते.

मग भरतीचा मालक चंद्र का?

कारण भरती फरकावर चालते आणि फरक अंतराच्या घनानं कमी होतो. ३९० चा घन सुमारे ५ कोटी ९३ लाख. २ कोटी ७० लाख भागिले ५ कोटी ९३ लाख : ०.४६. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, वाटे जोडले जातात आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, एकमेकांना खातात, आणि भांगाची भरती येते.

०.४६ हा आकडा मी किमान दहा ठिकाणी छापलेला पाहिला असेन. आज तो माझ्या पेन्सिलीतून आला. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

२४ ऑगस्ट

आकडे न बघता पुन्हा हिशेब केला. आला.

३० ऑगस्ट

आज प्रकल्प सोडून दिवसभर एकच निबंध वाचला. स्टुअर्ट ऑस्कॅम्प, १९६५. बत्तीस जणांना, त्यात रुग्णांबरोबर काम करणारे मुरलेले मानसशास्त्रज्ञही होते, एका खऱ्या माणसाची हकिकत चार टप्प्यांत वाचायला दिली. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच्याविषयी तेच पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. पहिल्या टप्प्यात अगदी थोडकी माहिती, पुढच्या प्रत्येक टप्प्यात आणखी भर.

बरोबर उत्तरं : सुरुवातीला २६ टक्के, शेवटी २८. पाच पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी २० टक्के येतात. आत्मविश्वास मात्र ३३ वरून ५३ टक्क्यांवर गेला.

पुढच्या पानानं निर्णय सुधारला नाही, पण "आता मला हा माणूस कळला" ही भावना वाढली. माझ्या सात आणि आठ गुणांची मुळं इथे आहेत. मला याची काळजी वाटते ती माझ्यापुरती नाही. कुणाच्या तरी आजाराचा, शिक्षेचा, नोकरीचा निर्णय घेणारी माणसं आज ऑस्कॅम्पच्या चौथ्या टप्प्यावर नाहीत, चारशेव्या टप्प्यावर आहेत. आणि आपल्याला पुरेसं कळलं आहे ही त्यांची भावना कुणी तपासत नाही.

५ सप्टेंबर

पद्धत बदलली. आता क्रम असा : आधी कोरा कागद, मग अडलेल्या जागी खूण, मग त्या खुणेपुरतं वाचन, मग पुस्तक मिटून परत कागद.

आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं : वाचणाऱ्यांना ४२, आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

पाच मिनिटांनंतरचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचून झाल्या झाल्या वाचणारा खरोखरच पुढे असतो. त्याची भावना त्या क्षणापुरती खोटी नसते, म्हणून तर ती एवढी फसवते. आणि मुबलक माहितीत आपण कायम त्याच पाच मिनिटांत राहतो, कारण सहाव्या मिनिटाला पुढचं पान समोर येतं.

६ सप्टेंबर

एक गोष्ट नोंदीतून मुद्दाम गाळली, त्याची नोंद. "इंटरनेटमुळे स्मरणशक्ती जाते" या म्हणण्याला नेहमी २०११ सालच्या एका निबंधाचा आधार देतात. बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर यांचा. काल तो इथे उतरवणार होतो. मग २०१८ साली प्रसिद्ध झालेली फेरतपासणी पाहिली. नामांकित नियतकालिकांतले एकवीस प्रयोग पुन्हा केले गेले होते, त्यांपैकी तेरांचे निष्कर्ष टिकले. या निबंधातला जो प्रयोग पुन्हा करून पाहिला तो टिकला नाही. मूळ दावा सगळीकडे पोचला, फेरतपासणी फारशी कुठे पोचली नाही. मी स्वतः तो दावा दोन लेखांत जाऊ दिला होता. दोन्ही लेखांच्या संपादकांना आज कळवलं.

१२ सप्टेंबर

पुन्हा सायमन. १९७३ साली विल्यम चेस यांच्याबरोबर त्यांनी बुद्धिबळावर काम केलं. त्याआधी डच मानसशास्त्रज्ञ अॅड्रियान डी ग्रूट यांनी वाट पाडली होती. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवून सोंगट्या मांडायला सांगायच्या. मास्टरनं पहिल्या नजरेत सुमारे सोळा बरोबर मांडल्या, नवख्यानं चार. मग त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून दाखवल्या. मास्टरची आघाडी जवळजवळ संपली.

म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती मोठी नव्हती. त्याला सोळा सोंगट्या दिसतच नव्हत्या. त्याला मोजके ओळखीचे पुंजके दिसत होते : ही राजाची तटबंदी, ही प्याद्यांची साखळी. वर्षानुवर्षांच्या खेळानं ते आत बसलेले.

लक्षाच्या दुष्काळाबद्दल बोलणारा माणूस आणि हा प्रयोग करणारा माणूस एकच आहे, हे मला आज पहिल्यांदा जाणवलं. मी इतके दिवस दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खणांत ठेवत होतो. पण एक दुसऱ्याचं उत्तर आहे. लक्ष सगळ्यांचंच तोकडं. जाणकाराचं पुरतं, कारण त्याच्यासाठी पट आधीच बांधलेला असतो. नवख्यासमोर तोच पट बत्तीस सुट्या सोंगट्या म्हणून येतो. आणि "आता काही पाठ करायची गरज नाही, सगळं शोधता येतं" असं जे म्हटलं जातं, ते नेमकं इथे मोडतं. पुंजके बाहेर ठेवता येत नाहीत. पाच सेकंदांत पटाकडे पाहायचं असतं तेव्हा जे आत असेल तेच बघतं.

१५ सप्टेंबर

वरचं स्वतःवर तपासून पाहिलं. त्रेचाळीस टॅबची यादी काढली, घड्याळ लावलं.

अडतीस मिनिटांत एकतीस पानं बाजूला टाकली. प्रत्येक पानात डोळे आपोआप एकाच जागी जात होते : पलीकडच्या फुगवट्याचं कारण काय दिलं आहे? "फरक" हा शब्द किंवा ती कल्पना दिसली तर ठेवायचं. "चंद्र पाणी वर उचलतो" दिसलं की पुढे. बारा उरली. त्यातली चार इतरांची नक्कल. आठ.

महिन्यापूर्वी याच पानांनी मला साडेचार तास फिरवलं होतं. पानं तीच आहेत. मी मुद्दाम काही गाळायला शिकलो नाही. एक गोष्ट धड कळली आणि बाकीचं गाळणं तिनं केलं.

२१ सप्टेंबर

मोठा धक्का, आणि चांगला. उरलेल्या आठांपैकी सर्वांत अवघड पान आज उघडलं. माझं सगळं चित्र (दोन फुगवटे आणि त्यांच्याखालून फिरणारी पृथ्वी) हे न्यूटनचं, १६८७ सालचं. ते कारण सांगतं, पण समुद्र तसा वागत नाही.

हिशेब करून पाहिला. समुद्राची सरासरी खोली धरली ४ किलोमीटर. एवढ्या खोलीत भरतीसारखी लांबलचक लाट सेकंदाला सुमारे २०० मीटर जाते. पण विषुववृत्तावर चंद्राखालून पृथ्वी सेकंदाला सुमारे ४५० मीटरनं सरकते. लाट चंद्राला गाठूच शकत नाही. गाठायला समुद्र वीस किलोमीटरहून खोल हवा होता. त्यात खंड आडवे. म्हणून खरी भरती म्हणजे प्रत्येक समुद्राच्या भांड्यात चंद्र-सूर्याच्या तालावर हिंदकळणारं पाणी. हे गणित फ्रेंच गणितज्ञ लाप्लासनं १७७० च्या दशकात मांडलं. काही बिंदूंभोवती भरती गोल फिरते आणि त्या बिंदूंवर पाणी जवळपास हलतच नाही.

भरतीची वेळ चंद्र डोक्यावर येण्याच्या वेळेशी जुळत का नाही, हे मी अनेक वर्षं "स्थानिक कारणांमुळे" असं लिहून सोडून देत होतो. त्या दोन शब्दांमागे एवढं होतं.

हे पान ऑगस्टमध्येही मी उघडलं होतं. तेव्हाची टीप : "क्लिष्ट. नंतर."

२६ सप्टेंबर

आणखी एक खिळा ठोकला गेला. चंद्राचा भरतीकारक जोर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढा. एवढ्याशा जोरानं पाणी वर उचललं जाणं शक्य नाही. तो जोर जिथे तिरपा पडतो, तिथे पाण्याला आडवं सरकवतो. हजारो किलोमीटरचं पाणी थोडं थोडं सरकतं आणि एका जागी दाटतं. आडव्या सरकण्याला गुरुत्वाकर्षण आड येत नाही.

"चंद्र पाणी ओढतो" हे वाक्य मी भाचीसमोर वापरणार नाही.

१ ऑक्टोबर

कोरा कागद, शेवटचा. चाळीस मिनिटं, साडेतीन पानं, पाच आकृत्या. लिहायच्या आधी स्वतःला दिलेले गुण : पाच. लिहिल्यानंतरही पाच. पहिल्यांदाच दोन्ही आकडे जुळले. उरलेले पाच कशाचे, हेही लिहिता आलं : लाप्लासची समीकरणं मला सोडवता येत नाहीत, खाडीतला अनुनाद (ताल जुळला की पाणी जास्त हिंदकळतं तो) वरवर कळतो, आणि चंद्र विषुववृत्तापासून वर-खाली जातो त्याचा परिणाम मी नीट मांडलेला नाही.

३ ऑक्टोबर

भाची आली. फोन दुसऱ्या खोलीत. कागद, पेन्सिल, एक चेंडू आणि त्यावर चढवलेलं लांबट ताणलेलं रबर, पाण्याच्या जागी.

फरकापासून सुरुवात केली. जवळचं, मधलं, लांबचं, तीन धावणारी मुलं अशी आकृती. तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि मधल्या मुलाच्या जागी बसून बघितलं : "त्याला वाटेल एक पुढे गेला आणि एक मागे राहिला. म्हणजे दोघं लांबच गेले!" मी जे पंधरा दिवसांत गाठलं ते तिनं दोन मिनिटांत, पण ते असू दे. मग सूर्य-चंद्राचा भागाकार तिच्याकडून करून घेतला. हिंदकळणाऱ्या पाण्याशी आल्यावर तिनं चारदा "म्हणजे?" विचारलं. तीनदा मी दुसऱ्या वाटेनं सांगू शकलो. चौथ्यांदा सांगितलं की इथून पुढचं गणित मला येत नाही. तिनं मान डोलावली आणि वहीत तिथे एक रेघ मारली.

मग तिनं विचारलं, "दोन्ही भरत्या सारख्याच उंच असतात का?"

माझी राहिलेली जागा नेमकी हीच. उत्तर तयार नव्हतं. मी रबराचा लांब अक्ष थोडा तिरपा केला, कारण चंद्र नेहमी विषुववृत्तासमोर नसतो. चेंडूवर शाईचा ठिपका दिला आणि रबर तसंच धरून चेंडू आतल्या आत फिरवला. ठिपका एका बाजूला फुगवट्याच्या माथ्याखालून गेला, दुसऱ्या बाजूला उतारावरून. एक भरती मोठी, एक लहान. आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं.

"आणि ठिपका आणखी वर दिला तर? एक भरती नाहीशीच होईल?"

तिनं चेंडू माझ्या हातातून घेतला, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि ध्रुवाजवळ दुसरा ठिपका दिला.